अडखळणाऱ्या चित्रपटाची चौकशी
घरातील संगणकावर साठविलेला उच्च प्रतीचा चित्रपट बैठकीतल्या टीव्हीवर पाहताना वारंवार थबकू लागला, की सारा दोष इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीच्या माथी मारण्याचा जो प्रघात पडला आहे तो अन्यायाचा आहे. कारण चित्रफीत घरातल्या घरातच फिरत असता बाहेरच्या जोडणीचा तिच्याशी सुतराम संबंध नसतो. प्रथम तीच फाइल पेनड्राइव्हवर उतरवून थेट टीव्हीला जोडावी. तरीही ती अडखळली, तर बहुधा टीव्हीलाच ती उलगडणे झेपत नाही, असे समजावे.

सुरळीत चालली, तर मात्र संशय वायफायवर जातो. ब्ल्यू-रे चकतीवरील चित्राचा प्रवाह सेकंदाला ४० मेगाबिटांपर्यंत चढू शकतो, आणि सरासरी कितीही सौम्य असली तरी धावपळीच्या दृश्यांत येणारी ही भरतीच घात करते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात परस्परांवर अतिक्रमण न करणारे चॅनेल १, ६ आणि ११ असे अवघे तीन, तेथे शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह (त्याचीही वहिवाट याच पट्ट्यात!) यांची दाटी. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा व वेगवान खरा, परंतु भिंती ओलांडताना तो लवकर क्षीण होतो. माझ्या मते, शक्य तेथे सरळ केबल ओढावी. १०० मेगाबिटांची जुनी इथरनेट जोडणीही हा भार निर्वेधपणे वाहते. एवढ्यानेही न भागल्यास सबटायटल बंद करून पाहावीत, कारण काही प्रकारची सबटायटल चित्रावर उमटविण्यासाठी सर्व्हरला (म्हणजे चित्रपट पुरविणाऱ्या त्या संगणकाला) संपूर्ण चित्रफीत नव्याने घडवावी लागते.