तरंगते सौर प्रकल्प : देखभालीचे कंत्राट घेण्यापूर्वी

धरणाच्या पाण्यावर सौर पॅनल तरंगते ठेवून वीज तयार करण्याचे प्रकल्प आपल्या देशात वाढत आहेत. तेलंगणातील रामगुंडम येथील एनटीपीसीचा १०० मेगावॅटचा प्रकल्प २०२२ मध्ये पूर्ण झाला. अशा ठिकाणी वायरमन, वेल्डर, फिटर व नावाडी यांना काम मिळू शकते. हे हुन्नर आपल्या बांधवांकडे आहेत. मात्र पाण्यावरील कामाची जोखीम आधी समजून घेतली पाहिजे.

जपानमधील यामाकुरा धरणावर १३.७ मेगावॅटचा असाच प्रकल्प होता. सप्टेंबर २०१९ च्या वादळात त्याचे नांगर उखडले, पॅनल एकमेकांवर चढले आणि पाण्यावरच आग लागली. एक नांगर सुटला की त्याचा भार शेजारच्यावर पडतो. म्हणून नांगराचे दोर, कड्या आणि तराफ्यांचे जोड नियमित तपासावेत. वादळानंतर तर लगेच तपासावेत. धरणातील पातळी वर-खाली होते, त्याप्रमाणे दोर व केबलला पुरेशी ढील हवी. केबलचे जोड पाण्यात बुडू देऊ नयेत. मुख्य स्विच बंद केला तरी उजेडात पॅनलमध्ये वीज असतेच, हे प्रत्येक कारागिराला सांगावे. लाइफ जॅकेटशिवाय किंवा एकट्याने कोणालाही पाण्यावर पाठवू नये.

आता विम्याविषयी. प्रकल्पाचा विमा मालकाचा असतो. त्यात आपले कामगार, आपली नाव व हत्यारे आपोआप येतात असे समजू नये. आपल्या हातून मालकाचे नुकसान झाले तर ते कोणी भरायचे, हेही करारात स्पष्ट हवे. हळूहळू होणारी झीज व गंज यांची भरपाई सहसा मिळत नाही. प्रत्येक दाव्यातील ठरावीक रक्कम स्वतःलाच सोसावी लागते. ती किती, हे आधी विचारावे. तपासणीची तारीखवार नोंदवही व फोटो जपून ठेवावेत. अपघातानंतर सर्व्हेअर तेच मागतो. नोंद नसेल तर दोष देखभाल करणाऱ्याच्या माथी येतो.

विम्याच्या शरई बाजूबद्दल मतभेद आहेत. त्याबाबत आपल्या विश्वासातील आलिमांचा सल्ला घ्यावा. परंतु कामगार जखमी झाला किंवा बुडाला तर त्याच्या घरच्यांची जबाबदारी आपल्यावर राहते, हे विसरू नये. व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआनानेच दिली आहे. तेव्हा ओळखीवर, तोंडी शब्दावर असे काम घेऊ नये. कोणती जोखीम कोणाची, हे कागदावर आल्यावरच सही करावी.