खाऱ्या पाण्यावरून चालणारी लहर

संपादकांची मागणी साधी होती. आकाशवाणी रत्नागिरीने कोकणातल्या माणसांच्या जगण्याच्या गोष्टी कशा सांगितल्या, त्यावर लिहा. म्हणजे नमन, जाखडी, आंब्याचा मोहर, चाकरमान्यांची वाट बघणारी घरं. त्यातलं थोडंफार पुढे येईलच. पण मी अडकलो तो एका आकड्यापाशी. ११४३ किलोहर्ट्झ. या केंद्राची ही मध्यम लहर, लांबी सुमारे २६२ मीटर. गोष्ट कुणी सांगितली हे महत्त्वाचं असलं, तरी ती कुणाच्या कानापर्यंत पोचली याचा निवाडा या लहरीने केला, आणि तो निवाडा मोठा चमत्कारिक आहे.

आधी इतिहास उरकून घेऊ. केंद्र १९७७ सालचं. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा जन्माला यायचा होता. तो १९८१ मध्ये वेगळा झाला, त्यामुळे सुरुवातीची चार वर्षं रत्नागिरी जिल्हा म्हणजे मंडणगडपासून गोव्याच्या हद्दीपर्यंतचा लांबलचक पट्टा. या पट्ट्यात त्याआधीही रेडिओ ऐकला जायचा, पण तो मुंबईचा किंवा पुण्याचा. मुंबईत घरातला कर्ता माणूस गिरणीत असायचा, त्यामुळे मुंबईचा ‘कामगार सभा’ हा कार्यक्रम गावातही परका वाटत नसावा. पुण्याचं मात्र वेगळं. पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झालं आणि १९५६ मध्ये तिथे युनेस्कोच्या मदतीने एक गाजलेला प्रयोग झाला. दीडशेच्या आसपास गावांत श्रोत्यांची मंडळं केली. ऐका, चर्चा करा, कृती करा, अशी त्यांची रीत. जगभरच्या ग्रामीण रेडिओच्या अभ्यासात त्याचा उल्लेख येतो. जिल्हे कोणते होते? पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा, कोल्हापूर. कोकणातला एकही नाही.

याला कुणाचा आकस म्हणता येणार नाही. पुण्याहून घाट उतरला की पीक बदलतं, माती बदलते, बोलणंही बदलतं. पुणे केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रमांत व्यंकटेश माडगूळकरांसारखा माणूस होता, शंकर पाटीलही काही काळ आकाशवाणीत होते. मराठी ग्रामीण कथा घडवणाऱ्या या लेखकांच्या कानात माणदेश आणि कोल्हापूर होतं. रेडिओवरचा शेतकरी त्यामुळे नकळत देशावरचा झाला. तो ज्वारीच्या कणसाबद्दल, उसाच्या पाण्याबद्दल बोलायचा. संगमेश्वरात चिखलणी करून भाताची लावणी आटोपणाऱ्याने, किंवा उधाणाच्या आणि भांगाच्या भरतीचा हिशेब ठेवणाऱ्या तांडेलाने ते ऐकायचं आणि दुसऱ्याच्या घरातलं बोलणं म्हणून सोडून द्यायचं. रत्नागिरीला स्वतःचं केंद्र मिळालं याचं खरं मोल मला इथे दिसतं.

आता लहरीकडे येऊ.

मध्यम लहरींच्या प्रक्षेपणात मनोऱ्यावर अँटेना बसवलेली नसते, उभा मनोराच अँटेना असतो. तो चिनी मातीच्या विद्युतरोधकावर उभा करतात, म्हणजे लोखंडाचा एवढा डोलारा जमिनीला विजेच्या अर्थाने टेकलेलाच नसतो. याउलट त्याच्या पायथ्यापासून चहूबाजूंना तांब्याच्या तारा जमिनीत पुरतात, प्रचलित पद्धतीत तब्बल १२०. हे सगळं कशासाठी? कारण दिवसा ही लहर जमिनीचा पृष्ठभाग धरून सरकते आणि जमीन जितकी चांगली वाहक, तितकी ती लांब जाते.

आणि कोकणातली जमीन कशी आहे? जांभा. उन्हाळ्यात तापून कोरडाठाक झालेला कातळाचा सडा विजेचा अत्यंत वाईट वाहक. त्यावरून जाताना लहर दर किलोमीटरला आपली शक्ती जमिनीला देत जाते. समुद्राचं खारं पाणी मात्र अशा कोरड्या खडकापेक्षा हजारो पटींनी चांगला वाहक. तिथे लहरीला जवळजवळ अडसरच नाही. या केंद्राचा प्रक्षेपक २० किलोवॉटचा. त्याची पूर्वेकडे गेलेली लहर सडे, खिंडी आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी धापा टाकते, आणि पश्चिमेकडे गेलेली मोकळ्या समुद्रावरून चालत सुटते. सरकारी कागदावर केंद्र जिल्ह्याचं. भौतिकशास्त्राने ते आधी मच्छीमारांना देऊन टाकलं.

दुसरा तिढा रात्रीचा. सूर्य मावळला की आकाशातला वातावरणाचा वरचा थर या लहरींना परत खाली पाठवू लागतो आणि शेकडो मैलांवरची केंद्रं येऊन कानावर आदळतात. ११४३ ही लहर हरियाणातल्या रोहतक केंद्रालाही दिलेली. अंतर तेराशे किलोमीटरहून जास्त, त्यामुळे दिवसा भांडण नाही. रात्री मात्र दोन आवाज एकमेकांत मिसळण्याची सोय कायमचीच.

यावर श्रोत्याच्या हातात एक उपाय असतो. ट्रान्झिस्टरच्या आत फेराइटची एक कांडी असते. तिचं टोक ज्या दिशेला, त्या दिशेचं केंद्र क्षीण होतं. म्हणून जुनी माणसं रेडिओ फळीवर तिरका ठेवत, आणि कुणी झाडलोट करताना तो सरळ केला की ओरडत. रोहतकला मारायचं तर कांडी उत्तरेकडे करायची. पण हर्णै-दापोलीच्या श्रोत्याला रोहतक उत्तरेला आणि रत्नागिरी दक्षिणेला, म्हणजे दोघं एकाच रेषेत. एकाला दाबलं की दुसराही दबला. रत्नागिरीच्या पश्चिमेला समुद्रात असलेल्या नौकेवर मात्र रत्नागिरी पूर्वेला आणि रोहतक उत्तरेला. तिथे संच नीट फिरवला की रोहतक मिटतं आणि रत्नागिरी उरते. म्हणजे इथेही फायदा खलाशाचाच! नकाशा आणि पट्टी घेऊन हे ताडून बघताना मला जो आनंद झाला तो संपादकांना कितपत आवडेल कोण जाणे.

या लहरीवर बसून काय गेलं? सर्वांत महत्त्वाचं म्हणजे हवामान. बंदरावर कितव्या नंबरचा बावटा लावलाय, समुद्र खवळलेला राहणार का, ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने वारे वाहतील का. किनाऱ्यापासून काही मैल गेलं की मोबाइलची रेंज संपते. नोव्हेंबर २००९ च्या फयान वादळाने रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे अनेक मच्छीमार नेले. पावसाळा सरून मासेमारी ऐन भरात असतानाचं ते वादळ. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकलं, तेव्हा दापोली-मंडणगडात खांब आडवे झाले, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, मोबाइलचे मनोरे मुके. अशा वेळी दोन सेलवर चालणाऱ्या खोक्याला पर्याय निघालेला नाही.

मग शेती. आकाशवाणीच्या शेतीविषयक कार्यक्रमांची टिंगल करायची आपल्याकडे पद्धत आहे, आणि ती सगळीच अनाठायी नाही. तज्ज्ञ कागद वाचत असला की दुसऱ्या वाक्याला कळतं. तरी तंजावरकडे १९६०च्या दशकात भाताच्या एका नव्या वाणाला शेतकरी ‘रेडिओ भात’च म्हणू लागले होते, इतकं ते रेडिओमुळे पसरलं. रत्नागिरीच्या हाताशी तर १९७२ मध्ये स्थापन झालेलं दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ. मोहरावरचा तुडतुडा, भुरी, अलीकडचे फुलकिडे, पॅक्लोब्युट्राझोल हे संजीवक झाडाभोवती कधी आणि किती घालायचं, यातलं एकेक वाक्य बागायतदाराच्या हजारो रुपयांशी बांधलेलं. फवारणीनंतर पाऊस पडला तर काय, हा प्रश्न विचारायला ज्याची बाग आहे तोच माणूस लागतो. म्हणून मला अशा केंद्रांवरची भाषणं कमी आणि फोनवर प्रश्न विचारणारे श्रोते जास्त आवडतात. बायका तर अनेकदा प्रश्न विचारता विचारता सगळी हकिगतच सांगून मोकळ्या होतात: मुलगा मुंबईला, बाग करायला गडी नाही, वानरांनी नारळ ठेवले नाहीत. कार्यक्रम कीडनियंत्रणाचा असतो आणि गोष्ट घराची निघते.

गोष्ट सांगणारा माणूस म्हणजे उद्घोषक. त्याचं काम बाहेरून गोड बोलण्याचं वाटतं. प्रत्यक्षात तो सेकंदकाट्याचा गडी. पुण्याहून किंवा दिल्लीहून येणारं बातमीपत्र नेमक्या क्षणी सहक्षेपित करायचं, चाळीस सेकंद उरले तर ते भरायचे, वीज गेली तर क्षमा मागायची. जुन्या दिवसांत खांद्याला जड टेपरेकॉर्डर अडकवून वाडीवर जायचं, परत येऊन फीत ब्लेडने कापायची, चिकटवायची. खोकला कापायचा की ठेवायचा, हा निर्णय त्याचा. जाखडीच्या सामन्यात शक्तीवाल्याला आणि तुरेवाल्याला सारखी मिनिटं द्यायची, नाहीतर दोन वाड्यांचं भांडण केंद्राच्या दारात.

आणि आता हाच माणूस सर्वांत पातळ धाग्यावर उभा आहे. देशभरच्या केंद्रांवरचा बराच आवाज नैमित्तिक उद्घोषकांचा आहे. महिन्याला साधारण सहा ड्यूट्या, ड्यूटीगणिक मानधन. कायम करा म्हणून वर्षानुवर्षं अर्ज, मोर्चे, कोर्टकचेऱ्या. ज्याला संगमेश्वरी बोलीतला टोमणा कळतो, ज्याच्या ओळखीवर एखादी म्हातारी पालखीची गाणी म्हणायला तयार होते, तो निवृत्त झाला की जागा भरली जात नाही. रिकामी वेळ मग मुंबई-दिल्लीच्या सहक्षेपणाने भरते, त्याला खर्च नाही. जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभागच बंद करण्याचा आदेश निघाला होता. ओरड झाली म्हणून तो थांबवला. पुण्यासारख्या शहराला ओरडायला आमदार, खासदार, वर्तमानपत्रं आहेत. लहान केंद्रांतली एखादा अर्ध्या तासाचा कार्यक्रम कमी झाला तर ओरडणार कोण?

लहरीचंही तेच. प्रसारभारती मध्यम लहरींचे जुने प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने मोडीत काढते आहे. विजेचं बिल मोठं, सुटे भाग मिळत नाहीत, कान उरले किती हे कुणी सांगू शकत नाही. डिजिटल मध्यम लहरींची यंत्रणा उभारली गेली, पण ती ऐकायचा संच बाजारात कुणी पाहिला असेल तर त्याने हात वर करावा. भिस्त आता एफएमवर आणि मोबाइलच्या ॲपवर. एफएमचा आवाज स्वच्छ, यात वाद नाही. पण ती लहर सरळ रेषेत जाते. डोंगराआडच्या, खाडीच्या खोबणीतल्या वाड्या सावलीत राहतात, आणि समुद्रावर ती जेमतेम क्षितिजापर्यंत. मध्यम लहर पाण्याच्या वक्रतेवरून पुढे जायची. मोबाइलमध्ये मध्यम लहरींचा रेडिओ कधी नव्हताच, आणि एफएमही अनेक कंपन्यांनी काढून टाकलं. २०२३ मध्ये केंद्र सरकारला ते पुन्हा द्या म्हणून कंपन्यांना सांगावं लागलं. ॲपला रेंज लागते.

आणखी एक अडचण या सगळ्यांहून जुनी आहे, आणि तिचा तंत्राशी संबंध नाही. आकाशवाणीच्या प्रसारण संहितेत राज्य किंवा केंद्र सरकारवर वैरभावाने टीका करायला मनाई आहे. आता रत्नागिरी जिल्ह्यातल्या गेल्या वीस वर्षांतल्या मोठ्या गोष्टी मोजा. जैतापूरचा अणुप्रकल्प आणि एप्रिल २०११ चा साखरी नाट्याचा गोळीबार. नाणारची रिफायनरी. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठीचं माती परीक्षण अडवायला आडव्या झालेल्या बायका. पर्ससीनवाले आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यातला उभा दावा. जुलै २०१९ मध्ये फुटलेलं तिवरे धरण. गावाच्या जगण्यातल्या याच खऱ्या गोष्टी, आणि यातली एकही संहिता सांभाळून मोकळेपणाने सांगता येत नाही. माझ्या मते आंब्याच्या फवारणीवर मुबलक बोलणारा रेडिओ सड्याच्या मालकीवर गप्प बसला की श्रोता त्याला सवयीने ऐकतो, पण आपला म्हणायचं थांबवतो.

मग आकाशवाणीबाहेर बघू. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निकाल दिला. त्यातूनच पुढे सामुदायिक रेडिओची वाट निघाली आणि २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही परवाने मिळू लागले. म्हसवडचं माणदेशी तरंग त्या वाटेने आलं. रामेश्वरमजवळ पांबनला तर ‘कडल ओसै’ हे केंद्र खास मच्छीमारांसाठीच चालतं, समुद्राचा आवाज अशाच अर्थाचं नाव घेऊन. कोकण किनाऱ्यावर असं का नाही, असं विचारणारे भेटतात. परवाना शंभर वॉटचा मिळतो, पल्ला दहा-पंधरा किलोमीटरचा. हर्णैच्या सड्यावर मनोरा उभा केला तर बंदर ऐकेल आणि जवळची पाण्यातली नौका ऐकेल. दापोलीच्या डोंगराआडच्या वाड्या ऐकतीलच असं नाही. रोजचा खर्च गावाने काढायचा, आणि बातम्या तिथेही स्वतःच्या देता येणार नाहीत, आकाशवाणीच्याच लावाव्या लागतील.