कालेबाचे दोन पिते

हिब्रू शास्त्रग्रंथांतील वंशावळी वाचू लागलेला विद्यार्थी प्रथम नामावळींनी कंटाळतो आणि मग त्यांतील विसंगतींनी गोंधळतो. या विसंगतींचा विचार कोणत्या दिशेने करावा हे कालेबाच्या उदाहरणावरून चांगले स्पष्ट होते.

मोशेने कनान देश हेरण्यासाठी पाठविलेल्या बारा जणांपैकी कालेब हा एक. 'गणना' व 'यहोशवा' या ग्रंथांत तो यफुन्नेचा पुत्र आहे आणि त्याला 'कनिज्जी' असेही म्हटले आहे. कनाज हे नाव 'उत्पत्ति'च्या छत्तिसाव्या अध्यायात एसावाच्या, म्हणजे अदोमी लोकांच्या वंशात येते. उलट 'पहिला इतिहास' या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात कालेब हा हेस्रोनाचा पुत्र, यरहमेलाचा भाऊ व यहूदाचा पणतू ठरतो.

कालेब दोन होते, असे म्हणून ही अडचण टाळण्याचा प्रयत्न पूर्वीपासून होत आला आहे. प्रथमदर्शनी तो सयुक्तिक वाटतो, कारण हेस्रोनपुत्र कालेबाचा पणतू बसालेल हा मोशेच्याच काळातील कारागीर म्हणून प्रसिद्ध आहे. हेर कालेब त्याचा पणजा असणे शक्य नाही. परंतु त्याच अध्यायाच्या एकोणपन्नासाव्या वचनात कालेबाची कन्या अखसा हिचा उल्लेख येतो, आणि 'यहोशवा'त अखसा ही यफुन्नेपुत्राची कन्या आहे. दोन कालेब मानल्यास दोन अखसाही मानाव्या लागतात. अशा रीतीने माणसे वाढवीत जाणे ही मीमांसा नव्हे.

माझ्या मते प्रश्नाचे मूळ शब्दार्थात आहे. 'बेन' या हिब्रू शब्दाचा 'पुत्र' हा केवळ एक अर्थ होय. एखाद्या समूहाचा घटक, एखाद्या वर्गातील व्यक्ती, इतकेच नव्हे तर वयाचे मानही त्याच शब्दाने दाखवितात. 'मी चाळीस वर्षांचा होतो' हे कालेबाचे स्वतःचे वाक्य मूळात अक्षरशः 'चाळीस वर्षांचा पुत्र' असे आहे! 'आव' म्हणजे 'पिता' याचीही तीच गत. 'पहिला इतिहास' सांगतो की सल्मा हा बेथलेहेमाचा पिता, शोबाल हा किर्याथ-यारीमाचा, तर मावोन हा बेथ-सूराचा. बेथलेहेम काय, किर्याथ-यारीम काय, ही गावे आहेत. मावोन हे तर पित्याचे नाव असूनही गावाचेच नाव आहे. तेव्हा या अध्यायात वस्त्यांचे व कुळांचे परस्परसंबंध रक्तसंबंधाच्या परिभाषेत मांडले आहेत, हे उघड आहे. वेलहाउझेन या जर्मन पंडिताने १८७० साली आपल्या प्रबंधात याच यहूदी कुळांचा विचार याच दिशेने केला होता.

याला ग्रंथांतरीचा आधारही आहे. 'पहिल्या शमुवेला'त दाविदाच्या काळी यहूदाचा दक्षिण प्रदेश, कालेबाचा दक्षिण प्रदेश व यरहमेली लोकांचा दक्षिण प्रदेश हे वेगवेगळे उल्लेखिले आहेत. म्हणजे ही कुळे तेव्हा यहूदाच्या शेजारी, पण पृथक् होती. हेब्रोन हे कालेबाचे वतन. आणि तेथेच यहूदाच्या लोकांनी दाविदाला अभिषेक केला. पुढे ही कुळे यहूदात मिसळली, तेव्हा वंशावळीने त्यांना हेस्रोनाच्या घरात जागा दिली. 'कनिज्जी' हे जुन्या नात्याचे स्मरण आहे, 'हेस्रोनपुत्र' ही नव्या नात्याची नोंद आहे. दोन्ही आपापल्या ठिकाणी खरी आहेत.

असे प्रत्यक्ष घडते याचा पुरावा मानवशास्त्राने दिला आहे. नायजेरियातील तिव लोकांच्या वंशावळी ब्रिटिश अधिकाऱ्यांनी लिहून ठेविल्या होत्या. पुढे काही दशकांनी बोहानन दांपत्य तेथे अभ्यासास गेले, तेव्हा तिव लोक त्या लेखांनाच चुकीचे म्हणू लागले होते. कुळांचे व्यवहार बदलले होते आणि मुखोद्गत वंशावळ त्यांच्याबरोबर बदलली होती. कागद तेवढा जागच्या जागी राहिला. हिब्रू संपादकांपुढे मात्र जुने लेख होते व त्यांनी ते पुसले नाहीत. विसंगती आपल्यापर्यंत पोहोचली ती त्यामुळेच.

तथापि ही किल्ली प्रत्येक कुलपास लावू नये. जरुब्बाबेल हा 'एज्रा' व 'हाग्गय' यांत शल्तिएलाचा पुत्र आहे, तर 'पहिल्या इतिहासा'त पदायाचा. येथे गावे नाहीत, कुळांचे विलीनीकरण नाही. राजघराण्यातील एका व्यक्तीचा प्रश्न आहे. निपुत्रिक भावाच्या विधवेशी दिराने विवाह करण्याच्या प्रथेचा आधार घेऊन काहींनी त्याची उपपत्ती लाविली आहे, पण ग्रंथात त्याला शब्दाचाही दुजोरा नाही.