डांगराला फुलं ढीगभर, मग फळ का गळतं?

ताईंनो, मागच्या बैठकीत धडगावकडच्या एका ताईंनी विचारलं, "मॅडम, परसबागेत डांगराला फुलं ढीगभर येतात, पण बारीक फळ पिवळं पडून गळतं. खत कमी पडतंय का?"

खतही कारण असू शकतं. पण आधी फूल बघा. नर फूल लांब, बारीक देठावर असतं. मादी फुलाखाली पहिल्यापासूनच छोटं डांगर असतं. नर फुलातला पराग जड आणि चिकट, तो वाऱ्याने जात नाही, मधमाशीनेच न्यावा लागतो. नेला नाही तर ते छोटं फळ गळतं. आणि फूल पहाटे उमलून दुपारच्या आत मिटतं! त्याच वेळी फवारणी केली तर माश्या मरतात. गिलकी, काकडी, कारल्याचंही असंच. दुधी आणि दोडका मात्र संध्याकाळी उमलतात, दुधीवर रात्री पतंग येतात. म्हणून 'संध्याकाळी फवारा' हा सल्ला सगळ्या वेलांना चालत नाही.

तोवर एक उपाय: सकाळी ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवा.

सगळ्याच पिकांना माशी लागते असं नाही. मक्याचं वाऱ्यावर भागतं, मिरचीचं बरंचसं आपल्याआप होतं. पण वेलांना माशी हवीच, आणि वेलाची फुलं काही बारा महिने नसतात. बाकीचे दिवस तिला आपली सातपुड्यातली झाडं जगवतात. होळीच्या आसपास पळस, मग मोह, कडुनिंब, करंज, आणि पावसाळा सरताना बोर. बांधावरची बोर काटेरी म्हणून तोडली की माशीचं तेवढे दिवसांचं जेवण गेलं.

मोह वेचायला सोपं जावं म्हणून आपण झाडाखालचा पाला जाळतो. भुंगे वाळलेल्या लाकडात, बांबूत घर करतात, त्यांची घरं त्या आगीत जातात. मोहाची लहान रोपंही जळतात. पाला झाडून बाजूला करा, जुन्या साड्या जोडून खाली अंथरा. यात वेळ जास्त जातो, खरं आहे. अंधारात उठून मोह वेचायला जाणाऱ्या बाईला हे सांगताना मलाही संकोच वाटतो. निदान गटातल्या दोघी-तिघींनी मिळून एका झाडाखाली करून बघा.

पुढच्या बैठकीआधी एका सकाळी १० मिनिटं डांगराच्या फुलाजवळ बसा. किती माश्या आल्या ते गटाच्या वहीत मागच्या पानावर लिहून आणा. जिच्या वेलावर एकही आली नाही, तिच्या परसबागेत मी आधी येईन.