खेद आणि क्षमा : शासकीय क्षमायाचनेचा भाषिक विचार

‘मी वचन देतो’ असे म्हणणे हेच वचन देणे होय. येथे बोलणे हीच कृती असते. जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाने मांडलेल्या या विचाराचे महत्त्व ऑस्ट्रेलियातील एका घटनाक्रमावरून स्पष्ट होते.

ऑस्ट्रेलियात साधारणपणे १९१० ते १९७० या काळात शासकीय धोरणानुसार असंख्य आदिवासी मुलांना आईवडिलांपासून बळाने तोडून संस्थांमध्ये, मिशनांमध्ये व गोऱ्या कुटुंबांत ठेवण्यात आले. अनेकांना मातृभाषा बोलण्यासही मनाई होती. या मुलांना ‘चोरलेल्या पिढ्या’ असे म्हटले जाते. १९९७ मध्ये संसदेपुढे आलेल्या चौकशी अहवालाने सर्व संसदांनी क्षमा मागावी आणि पीडितांना भरपाई मिळावी, अशी शिफारस केली.

१९९९ मध्ये पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी मांडलेल्या ठरावात मात्र ‘खेद’ होता, ‘क्षमा’ नव्हती. पूर्वीच्या कृत्यांचा दोष आजच्या पिढीवर येत नाही, अशी त्यांची भूमिका होती.

हा भेद मराठीच्या व्याकरणातूनही उमगतो. ‘मला खेद वाटतो’ या वाक्यात बोलणारा केवळ अनुभव घेणारा आहे. कर्तेपद ‘खेद’ या शब्दाकडे जाते. शेजारी मृत्यू झाला तरी आपल्याला खेद वाटतो. त्यात आपला दोष नसतो. ‘मी क्षमा मागतो’ या वाक्यात मात्र ‘मी’ हा कर्ता आहे. येथे अपराध मान्य केला जातो आणि क्षमा करण्याचा वा नाकारण्याचा अधिकार समोरच्याकडे जातो.

१३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत स्पष्ट शब्दांत क्षमा मागितली. त्यांनी पूर्वीच्या संसदांचे व सरकारांचे कायदे आणि धोरणे यांचा थेट उल्लेख केला. व्यक्ती बदलल्या तरी संसद ही संस्था अखंड असते. म्हणून तिच्या वतीने केलेली ही क्षमायाचना वैध ठरते. त्याच वर्षी ११ जून रोजी कॅनडाचे पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनीही आदिवासी मुलांच्या निवासी शाळांबद्दल क्षमा मागितली.

तथापि, रड यांच्या क्षमायाचनेसोबत भरपाईची तरतूद नव्हती. केंद्र सरकारने आपल्या अखत्यारीतील प्रदेशांतील पीडितांसाठी अशी योजना जाहीर केली ती २०२१ मध्ये. तोवर अनेक पीडित हयात नव्हते. उच्चारताक्षणी क्षमायाचना घडते हे खरे. परंतु तिचा प्रामाणिकपणा नंतरच्या वर्तनावरूनच पारखला जातो.

स्वयं-अध्ययन प्रश्न : ‘दिलगीर आहोत’ आणि ‘क्षमा मागतो’ या प्रयोगांतील जबाबदारीचा भेद सोदाहरण स्पष्ट करा.