परसातली मिरची आणि तिचं बी

गोव्यात काणकोण तालुक्यातल्या खोला गावी पावसाळ्यात डोंगरउतारावर मिरची लावतात. वर पाट नाही, विहीर नाही. आभाळातून पडेल तेवढ्या पाण्यावर पीक उभं राहतं. पाऊस ओसरल्यावर फळं पिकतात, उन्हात वाळतात, आणि ती लालभडक, बेताच्या तिखटाची मिरसांग घराघरातल्या मसाल्यात जाते. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. राज्याच्या दुसऱ्या टोकाला, पेडण्यातल्या किनारपट्टीवर हरमलची मिरची आहे. तिची चव वेगळी, नावही वेगळं. इकडे नागपूर जिल्ह्यात भिवापुरी, गडहिंग्लजच्या बाजारात संकेश्वरी, धारवाडकडून येणारी सुरकुतलेली ब्याडगी, कोकणात आडव्यातिडव्या वाढणाऱ्या झुडपावरची लवंगी. मसाल्याच्या दिवसांत बाजारात जाणाऱ्या बाईला ही नावं तोंडपाठ असतात. रंगाला कोणती, तिखटाला कोणती, आणि कोणती किती धरायची, हे प्रमाण तिच्या घरचं असतं.

आणि तरीही यांतली एकही मिरची मुळात इथली नाही.

कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराचा 'मानसोल्लास' बाराव्या शतकातला. त्यातल्या पाककृतींत मिरी आहे, हिंग आहे, आलं आहे; मिरची नाही, कारण ती तेव्हा फक्त अमेरिका खंडात होती. मेक्सिकोत आणि दक्षिण अमेरिकेत माणसांनी हजारो वर्षं ती लावली, निवडली, पाळली. तिच्या पाच जाती तिकडे लागवडीखाली आल्या. त्यांतली 'कॅप्सिकम अ‍ॅन्युअम' ही आपल्या ताटातल्या बहुतेक मिरच्यांची जात. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांतून मिरची पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि इतक्या झपाट्याने पसरली की, लिओनहार्ट फुक्स या जर्मन वनस्पतितज्ज्ञाने १५४२ च्या आपल्या ग्रंथात तिचं चित्र छापताना तिला चक्क कालिकतचं मिरं म्हटलं. कोलंबसच्या सफरीला तेव्हा जेमतेम पन्नास वर्षं झाली होती, आणि युरोपातल्या एका जाणत्या माणसाला मिरची हिंदुस्थानची वाटत होती.

जहाजांतून उतरलेल्या थोड्या बियांपासून खोला, हरमल, भिवापुरी, ब्याडगी अशी वेगवेगळी माणसाळलेली कुळं पाचशे वर्षांत झाली. त्यामागे ना कुठली प्रयोगशाळा होती, ना बियाण्याची कंपनी. कुणीतरी दरवर्षी फळांच्या राशीतून चांगली चार फळं बाजूला काढली, बी राखेत घोळवून ठेवलं आणि पुढच्या पावसाला पेरलं. कुणी रंग पाहिला, कुणी तिखटपणा, कुणी वाळल्यावर राहणारा वास. मिरचीचा हा इतिहास मला फार मोलाचा वाटतो, आणि म्हणून परसात किंवा गच्चीत मिरची लावणाऱ्या प्रत्येकाला माझं एकच आग्रहाचं सांगणं आहे: फळं खाच, पण बी राखा. बाजारातली बहुतेक रोपं आता संकरित वाणांची असतात. त्यांच्या बियांतून पुढच्या वर्षी आईसारखं झाड येईलच असं नाही. जुनं देशी वाण मात्र बियांतून जसंच्या तसं उतरतं आणि घरच्या चार कुंड्यांतही टिकू शकतं.

बी राखायचं तर आधी मिरचीच्या फुलाची रीत कळायला हवी. मिरचीच्या पांढऱ्या फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकत्र असतात. वाऱ्याने फूल हललं तरी परागकण जागच्या जागी पडतात आणि फळ धरतं. बंद गॅलरीत वारा नसेल तर सकाळी दहा-अकराच्या सुमारास फांदीला हलकी टिचकी मारली तरी काम होतं. पण मधमाश्या आल्या की त्या एका झाडाचे पराग दुसऱ्यावर नेतात, आणि मिरचीत हे प्रमाण किरकोळ नसतं. म्हणूनच आपल्याकडे प्रमाणित बियाण्यासाठी दोन वाणांच्या शेतांमध्ये २०० मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी ४०० मीटर अंतराचा नियम आहे. गच्चीत एवढं अंतर कुठून आणायचं? त्यावर सोपा उपाय आहे. एका फांदीवरची उमललेली फुलं आणि धरलेली फळं खुडून टाकायची, फक्त मिटलेल्या कळ्या ठेवायच्या आणि त्या फांदीवर मलमलीची किंवा बारीक जाळीची पिशवी बांधायची. आतली फुलं आपापल्या परागांवर फळं धरतात. ती बोराएवढी झाली की पिशवी काढायची आणि देठाला रंगीत दोरा बांधायचा, म्हणजे घाईत कुणी ती फोडणीत टाकणार नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'लवंगीशेजारी ढोबळी लावली म्हणून माझी ढोबळी तिखट झाली,' असं पुष्कळ लोक सांगतात. असं होत नाही. आपण खातो ते फळ म्हणजे आईच्या झाडाचं अंग; पराग कुणाचेही असोत, त्या वर्षी ढोबळी गोडच राहते. फरक पडतो तो आतल्या बियांत. त्या बिया पुढच्या वर्षी पेरल्या तर झाडाला तिखट फळं लागतात. तिखटपणा असणं-नसणं मुख्यतः एका जनुकावर ठरतं आणि तिखट बाजू वरचढ असते. १९३५ साली आर. बी. देशपांडे यांनी भारतीय मिरच्यांवरच्या आपल्या अभ्यासमालेत तिखटपणाच्या याच आनुवंशिकतेचा शोध घेतला होता. तो जनुक नेमका कोणता, हे हाती यायला २००५ साल उजाडलं. ढोबळीत त्याचा एक तुकडाच गळालेला आहे.

तिखटपणा म्हणजे कॅप्सेसिन आणि त्याची भावंडं. जॉन क्लफ थ्रेश या इंग्रज रसायनतज्ज्ञाने १८७६ साली ते शुद्ध रूपात वेगळं करून त्याला नाव दिलं. ते बियांत तयार होत नाही. फळ उभं चिरलं की बिया जिला चिकटलेल्या दिसतात ती पांढरी शीर, तिथे ते बनतं. बिया तिला लागून असतात म्हणून त्याही झोंबतात. तिखट कमी हवं असेल तर नुसत्या बिया झटकून उपयोग नाही, ती शीर काढायला हवी. ४३ अंशांच्या पुढची उष्णता ओळखणारा ग्राहक आपल्या मज्जातंतूंवर असतो, आणि कॅप्सेसिन नेमकं त्यालाच जागं करतं. म्हणजे मिरची खाऊन तोंड भाजलं असं आपण म्हणतो, तेव्हा मेंदूलाही तेच कळलेलं असतं. १९९७ साली हा ग्राहक शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. ठसका लागल्यावर घटाघटा पाणी पिऊन आग शमत नाही. दही, दूध किंवा तुपाचा भात तिथे खरा कामी येतो. मिरच्या खुडल्यावर हात झोंबत असतील तर आधी तेल चोळावं, मग साबण लावावा.

पण झाडाला हा खटाटोप कशासाठी? पक्ष्यांच्या शरीरातला हाच ग्राहक कॅप्सेसिनला दाद देत नाही. बुलबुलासारखे पक्षी लवंगी खुशाल गिळतात, बिया न चावता दूरवर टाकतात. उंदरासारखे कुरतडणारे प्राणी बिया चावून नष्ट करतात आणि त्यांना मात्र मिरची झोंबते. ट्यूक्सबरी आणि नाभान यांनी २००१ साली रानमिरचीच्या निरीक्षणांतून हे मांडलं. कोकणात आंब्याखाली किंवा कुंपणाच्या कडेला आपोआप उगवलेलं लवंगीचं झाड दिसतं, ते बहुतेक असंच आलेलं असतं. त्याहून विलक्षण गोष्ट पुढे बोलिव्हियात दिसली. तिथल्या रानमिरचीत तिखट आणि बिनतिखट अशी दोन्ही झाडं शेजारी शेजारी वाढतात. रस शोषणारे किडे फळाला भोकं पाडतात, त्यातून बुरशी आत शिरून बिया कुजवते. कॅप्सेसिन त्या बुरशीला आवरतं, म्हणून जिथे असे किडे जास्त, तिथे तिखट झाडं जास्त. २००८ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास वाचल्यावर लोणच्यातल्या मिरचीकडे मी वेगळ्या आदराने पाहू लागलो.

तिखट मोजण्याची पद्धत विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ साली बसवली. ते एका अमेरिकी औषध कंपनीत काम करत. मिरचीचा अल्कोहोलमधला अर्क साखरेच्या पाण्याने पातळ करत जायचं, पाच जणांपैकी तिघांना तिखट लागेनासं झालं की थांबायचं. जितकं पाणी, तितके एकक. आता यंत्रं मोजतात, पण नाव त्यांचंच राहिलं. २००७ साली भूत जोलोकियाने दहा लाखांचा आकडा ओलांडला, २०२३ मध्ये पेपर एक्स २६ लाखांपुढे गेली. या चढाओढीत घरच्या बागेने पडू नये, असं माझं मत आहे. ईशान्येच्या दमट हवेतली ती भूत जोलोकिया पुण्या-सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात फुलं गाळत बसते, आणि चार माणसांच्या स्वयंपाकात तिचं एक फळही पुरून उरतं.

लागवडीत फार अवघड काही नाही, पण हवामान ओळखावं लागतं. २५ ते ३० अंशांत बी आठवडा-दोन आठवड्यांत रुजतं; थंडीत महिनाही लावतं. पावसाळी मिरचीसाठी मेच्या शेवटी रोपं टाकावीत, हिवाळीसाठी सप्टेंबरात. बी अर्धा सेंटिमीटरपेक्षा खोल नको. वाफा चिखलासारखा ओला राहिला तर कोवळी रोपं बुंध्याशी कुजून कोलमडतात. महिना-सव्वा महिन्याचं, बोटभर उंचीच्या पुढे गेलेलं रोप बारा इंची कुंडीत हलवावं. माती, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडी भुसभुशीत भर, खाली पाणी निघून जायला भोक, आणि रोज निदान सहा तास ऊन. नत्राचं खत जास्त झालं की झाड हिरवंगार होतं, फुलं मात्र येत नाहीत. एप्रिल-मेत पारा पस्तिशीच्या वर गेला की फुलगळ होते. तेव्हा दुपारी सावलीची जाळी धरावी. मिरची हे एका हंगामाचं पीक नव्हे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. बहार संपल्यावर फांद्या छाटून खत घातलं तर तेच झाड पुन्हा फुटतं आणि दोन-तीन वर्षं घरचं तिखट भागवतं.

तिखटपणा वाणावर ठरतो, तसा थोडा आपल्या हातातही असतो. फळ धरल्यावर कॅप्सेसिन हळूहळू साठत जातं आणि साधारण चाळीस-पन्नास दिवसांनी कमाल गाठतं. म्हणून त्याच झाडाची कोवळी मिरची भाजीला चालते आणि पुरती भरलेली ठेच्याला लागते. फळं भरताना पाणी किंचित ताणलं तर तिखट वाढतं. मात्र झाड कोमेजेपर्यंत ताणू नये, कारण पाण्याची अशी ओढाताण झाली की फळाचा शेंडा काळा पडून कुजतो.

खरा शत्रू चुरडा-मुरडा. शेतकरी त्यालाच बोकड्या म्हणतात. पानं वळतात, द्रोणासारखी होतात, शेंडा खुंटतो. कधी हे फुलकिडे आणि कोळी यांचं काम असतं, कधी पांढऱ्या माशीने आणलेल्या विषाणूचं. दोहोंत फरक आहे आणि तो ओळखायला हवा. किड्यांनी वळलेलं झाड निंबोळी अर्काच्या पाच टक्के फवारणीने सावरू शकतं. अर्क पानांच्या खालच्या बाजूला लागला पाहिजे आणि फवारणी संध्याकाळी करावी. विषाणूचं झाड सावरत नाही. ते उपटून टाकावं, नाहीतर शेजारचीही जातात. २०२१-२२ च्या हंगामात आंध्र आणि तेलंगणातली मिरचीची शेतं बाहेरून आलेल्या एका नव्या फुलकिड्याने उद्ध्वस्त केली. त्याचा मुक्काम फुलातच असतो. कुंडीतल्या मिरचीचं फूल तळहातावर झटकून पाहण्याची सवय लावून घ्यावी. बारीक, सरपटणाऱ्या रेघा दिसल्या की निळे चिकट सापळे टांगावेत.

आणि एवढं करून हाती येतं ते काय? खान्देशातली तुरीची डाळ आणि शेंगदाणे घालून केलेली हिरव्या मिरचीची भाजी, कळण्याच्या भाकरीबरोबर. तव्यावर तेलात मिरच्या, लसूण परतून तिथेच तांब्याच्या बुडाने रगडलेला कोल्हापुरी खर्डा. उभी चीर देऊन धणे, मेथी, हिंग, मीठ भरलेली, उन्हात खडखडीत वाळवलेली सांडगी मिरची, दहीभाताबरोबर तळून. लाल मिरची वाळवताना ती जमिनीवर नको, जाळीवर पसरावी आणि रात्री आत घ्यावी. दव लागलेल्या मिरचीत बुरशी धरते आणि तीच पुढे मसाल्याच्या डब्यात जाते. घरची मिरची वर्षाच्या मसाल्याला पुरणार नाही. मसाल्याला ब्याडगी-संकेश्वरी विकत आणून कांडप गिरणीत न्यावीच लागते. पण रोजच्या फोडणीला दोन-तीन झाडं पुरतात.

बियांसाठी ठेवलेलं दोऱ्याचं फळ झाडावरच पूर्ण लाल होऊ द्यावं. एकाच झाडाचं न घेता जमतील तेवढ्या निरोगी झाडांचं घ्यावं. काळे गोल डाग पडलेलं फळ बियांसाठी कधीच नको, कारण फळकुजीची बुरशी बियांतून पुढे जाते. बिया सावलीत वाळवाव्यात, नख रुतेनासं झालं की घट्ट झाकणाच्या बाटलीत भराव्यात. दोन-तीन वर्षं त्या चांगल्या उगवतात, मग जोम उतरतो. म्हणून पेरण्याआधी दहा बिया ओल्या फडक्यात बांधून पाहाव्यात. आपलं बी राखायचा, पेरायचा, एकमेकांना द्यायचा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या कायद्याने मान्य केला आहे, तेव्हा शेजारणीला आणि नातलगांना द्यायला संकोच नको. देताना पुडीवर तीन गोष्टी लिहाव्यात: बी ज्या गावाहून आलं ते गाव, मिरचीला तिथे म्हणतात ते नाव आणि फळ तोडलं ते वर्ष.