शून्य ड्रॉपचे बूट आणि ‘नैसर्गिक’ या शब्दाचा घोळ

जन्मभर तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने धावण्याच्या बुटांवर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. तेव्हा आधी कारण सांगायला हवं.

आम्ही सकाळी टेकडीवर धावणाऱ्या ज्येष्ठांच्या एका छोट्या गटात आहोत. धावणं म्हणजे आपलं वयाला झेपेल इतपत. तीन वर्षांपूर्वी गटातल्या एका मित्रांनी नवे बूट घ्यायचं ठरवलं आणि सल्ला विचारला. वय सदुसष्ट. आम्ही त्यांना हलके, शून्य ड्रॉपचे बूट घ्यायला सांगितले. युक्तिवाद तयारच होता. माणूस लाखो वर्षं अनवाणी धावला, टाच उंच करणारे बूट ही कालपरवाची गोष्ट, म्हणून सपाट बूट नैसर्गिक, आणि नैसर्गिक म्हणून चांगले. त्यांनी दुसऱ्याच दिवसापासून जुने बूट कपाटात टाकले. सहाव्या आठवड्यात पावलाच्या एका हाडाला बारीक तडा गेल्याचं निदान झालं. जानेवारीतली अर्धमॅरेथॉन तर गेलीच, पण कितीतरी दिवस नातीला शाळेत सोडायला चालत जाणंही बंद झालं.

बरं वाटल्यावर ते एवढंच म्हणाले, “सर, तुम्ही माणसाचा इतिहास सांगितलात, माझा नाही विचारलात.”

आज आपण या वाक्याच्या आधाराने दोन गोष्टी पाहू. हे बूट निवडायचे कसे, आणि आमचा युक्तिवाद चुकला कुठे.

आधी शब्द नीट करून घेऊ

ड्रॉप म्हणजे बुटाच्या आत टाच जमिनीपासून किती उंच आणि चवडा किती उंच, यांतला फरक. धावण्याच्या नेहमीच्या बुटांत तो साधारण ८ ते १२ मिलिमीटर असतो. समजा टाचेखाली ३० मिलिमीटरचा तळ आहे आणि चवड्याखाली २०, तर ड्रॉप १०. दोन्हीकडे २० असेल तर ड्रॉप शून्य. आणि दोन्हीकडे ३० असेल तरी ड्रॉप शून्यच! इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. शून्य ड्रॉप म्हणजे पातळ तळ नव्हे. आल्ट्रा ही अमेरिकन कंपनी शून्य ड्रॉपसाठीच ओळखली जाते, आणि तिचे काही बूट चांगले जाड तळाचे असतात. उलट, तळ पातळ पण टाच उचललेली, असेही बूट मिळतात. म्हणजे ड्रॉप, तळाची जाडी आणि वजन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुकानात त्या वेगवेगळ्या विचाराव्या लागतात.

आता ड्रॉप कमी झाला की शरीरात काय होतं? टाच खाली येते. पोटरीला आणि पोटरी टाचेशी जोडणाऱ्या अकिलीस कंडरेला अधिक ताणावं लागतं. सपाट आणि पातळ बुटात अनेकांचं पाऊल टाचेवर पडण्याऐवजी चवड्यावर किंवा मधल्या भागावर पडू लागतं. गुडघ्यावरचा भार काहीसा कमी होतो. पोटरी, कंडरा आणि पावलाची हाडं यांच्यावरचा वाढतो. भार नाहीसा होत नाही, तो जागा बदलतो. आम्ही मित्रांना गुडघ्याचं सांगितलं होतं, पावलाच्या हाडांचं राहून गेलं.

‘आहे’ आणि ‘असावं’

अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूमने एक साधी पण अडचणीची गोष्ट दाखवून दिली. जग कसं ‘आहे’ याची कितीही विधानं एकापुढे एक मांडली, तरी त्यांतून काय ‘असावं’ हे आपोआप निघत नाही. मध्ये आणखी काहीतरी घालावं लागतं, आणि ते घातलंय हे बोलणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. पुढे १९०३ साली जी. ई. मूर यांनी ‘चांगलं’ या शब्दाचा अर्थ ‘नैसर्गिक’सारख्या दुसऱ्या गुणात विरघळवून टाकण्याला तर्कदोषच म्हटलं. वर्गात आम्ही हे कितीतरी वर्षं शिकवलं. टेकडीवर मात्र विसरलो.

उदाहरण बघा. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी मॅरेथॉन धावला आणि २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत जिंकला. अनवाणी धावण्याचे पुरस्कर्ते हे नाव नेहमी घेतात. पण गोष्ट तिथे संपत नाही. १९६४ साली टोकियोत हाच बिकिला बूट घालून धावला, २ तास १२ मिनिटं ११ सेकंदांत, आणि पुन्हा जिंकला. तेही अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांतच. रोमवरून ‘अनवाणी श्रेष्ठ’ असं ठरत असेल, तर टोकियोवरून ‘बूट श्रेष्ठ’ असं ठरेल. खरं तर दोन्ही ठरत नाही. ठरतं एवढंच, की बिकिला विलक्षण धावपटू होता आणि रोमला अनवाणी उतरला तेव्हा त्याच्या पायांना तशी सवय होती.

दुसरं उदाहरण संशोधनाचं. २०१० साली हार्वर्डचे डॅनियल लिबरमन आणि त्यांचे सहकारी यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं, की अनवाणी धावायची सवय असलेले लोक बहुधा चवड्यावर उतरतात आणि जमिनीवर आपटण्याचा पहिला धक्का त्यांना कमी बसतो. निरीक्षण मोलाचं आहे. पण ते धक्क्याविषयी आहे. दुखापती कोणाला कमी होतात, याची मोजदाद त्यात नव्हती. शिवाय ‘सवय असलेले’ हे दोन शब्द आपण वाचताना गिळून टाकतो.

आपल्या पिढीतले पुष्कळजण म्हणतात, “अहो, लहानपणी आम्ही अनवाणीच हिंडलो, शाळेतसुद्धा.” खरं आहे. पण मधली चाळीस-पन्नास वर्षं आपण टाचेच्या बुटांत, खुर्चीत बसून काढली. पोटरी आखडली, कंडरेचा लवचीकपणा कमी झाला. दहा वर्षांच्या मुलाचे पाय आठवणीत आहेत म्हणून ते अंगात आहेत, असं होत नाही.

तुमच्यापुरतं योग्य

मग निवडायचं कशावरून? अॅरिस्टॉटल इथे उपयोगी पडतो. ‘निकोमेकियन एथिक्स’च्या दुसऱ्या भागात तो मायलो या पहिलवानाचं उदाहरण देतो. जो खुराक मायलोला कमी पडेल, तो नव्याने आखाड्यात उतरणाऱ्याला जास्त होईल. दहा आणि दोन यांचा गणिती मध्य सहा हे खरं, पण तालमीतला वस्ताद सगळ्यांना सहाच वाढत नाही. योग्य प्रमाण हे त्या माणसाच्या संदर्भात ठरतं. याचा अर्थ ‘ज्याला जे वाटेल ते योग्य’ असा अजिबात नाही. ते नेमकंच असतं, फक्त माणूस पाहून ठरवावं लागतं.

तेव्हा बूट पाहण्याआधी स्वतःला चार प्रश्न विचारू. सध्या किती ड्रॉपचे बूट वापरतो? आठवड्याला किती किलोमीटर धावतो? पूर्वी दुखलं ते कुठे, गुडघ्याला की पोटरी-टाचेला? आणि धावायची जमीन कोणती, डांबरी रस्ता की मातीची वाट? ज्याची टाच आणि कंडरा वारंवार दुखते, त्याने शून्याच्या मागे लागायचं कारण नाही. ज्यांना मधुमेहामुळे तळव्याची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी पातळ तळाचे बूट डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत; खडा टोचला तरी कळणार नाही.

आता दुकानात. संध्याकाळी जावं, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. बुटातलं आतलं पॅड बाहेर काढून त्यावर उभं राहावं. बोटं पॅडच्या बाहेर जात असतील तर बूट अरुंद आहे. सगळ्यांत लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. सपाट बुटात बोटं पसरून काम करतात, म्हणून पुढच्या रुंदीला इथे जास्त महत्त्व. ड्रॉपचा आकडा पेटीवर नसला तर विचारावा, आणि विक्रेत्याला सांगता आला नाही तर घाई करू नये.

वजनाचं गणित सोपं आहे. सरावाचे बूट साधारण २५० ते ३०० ग्रॅमचे असतात, शर्यतीचे हलके बूट २०० च्या आसपास किंवा खाली. एका किलोमीटरला सुमारे हजार पावलं धरली, तर १० किलोमीटरमध्ये प्रत्येक पाय पाच हजार वेळा उचलला जातो. बूट १०० ग्रॅमने जड असेल, तर प्रत्येक पायाने एकूण ५०० किलो जास्त उचलले. प्रयोगशाळेतल्या मोजमापानुसार प्रत्येक बुटामागे १०० ग्रॅम वाढले की ऊर्जेचा खर्च साधारण एक टक्क्याने वाढतो.

मग सर्वांत हलकं म्हणजे अनवाणी, तेच सर्वोत्तम? कोलोरॅडो विद्यापीठात हेच तपासलं गेलं आणि निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला. अनवाणी धावायची सवय असलेले १२ धावपटू घेतले, तरी हलक्या बुटांपेक्षा अनवाणी धावण्यात ऊर्जा वाचली नाही. तळाची गादी नसली की धक्का शोषण्याचं काम स्नायूंना करावं लागतं, आणि त्याची किंमत असते. म्हणजे हलकेपणाही ‘जितका जास्त तितका बरा’ असा नाही.

सराव आणि शर्यत

इथे आणखी एक भेद करू. सरावाचा हेतू पाय घडवणं, शर्यतीचा हेतू घडलेले पाय वापरणं. शून्य ड्रॉपचा खरा उपयोग सरावात आहे. पावलाचे आणि पोटरीचे स्नायू हळूहळू कामाला लागतात. पण ‘हळूहळू’ म्हणजे महिने. पहिले दोन आठवडे घरात आणि चालायला वापरावेत. मग नेहमीच्या धावण्याच्या शेवटी पाच-दहा मिनिटं, आठवड्यातून दोनदा. १० वरून थेट शून्यावर उडी मारण्याऐवजी मध्ये ६ किंवा ४ मिलिमीटरचा मुक्काम करावा. जुने बूट टाकून देऊ नयेत. आलटून पालटून वापरावेत. पोटरी दोन दिवस जड वाटणं ठीक. पण सकाळी उठल्यावर पहिल्या पावलांना टाचेमागे कळ येणं, किंवा पावलाच्या हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं, हा थांबण्याचा इशारा आहे. आमच्या मित्रांना तो मिळाला होता. “सवय होईल,” असं आम्हीच म्हणालो होतो.

शर्यतीत शून्य ड्रॉप घालावा का? वेळ हाच एकमेव निकष असेल तर प्रामाणिकपणे सांगायला हवं, की आजच्या रस्त्यावरच्या विक्रमी वेळा जाड फोम आणि आत ताठ पट्टी असलेल्या बुटांत नोंदल्या जातात. इतक्या, की जागतिक अॅथलेटिक्स संघटनेला रस्त्यावरच्या शर्यतींसाठी तळाच्या जाडीवर ४० मिलिमीटरची मर्यादा घालावी लागली. आपल्यासारख्यांनी मात्र ज्या बुटात शर्यतीच्या वेगाने अनेकदा धावलो आहोत, तोच घालावा. पायांना शून्याची सवय झाली असेल, तर हलका शून्य ड्रॉप बूट १० किलोमीटरला छान. २१ किंवा ४२ किलोमीटरला तळ थोडा जाड असू द्या, कारण दमल्यावर पाऊल टाकण्याची पद्धत बिघडते. आणि शर्यतीच्या दिवशी नवा बूट नको, कितीही चांगला असला तरी.

आमचे मित्र आता पुन्हा धावतात, ४ मिलिमीटर ड्रॉपच्या बुटांत. पुढे शून्यावर जायचं की नाही, ते त्यांचं त्यांनी ठरवायचं आहे. मागच्या महिन्यात गटात एक नवे गृहस्थ आले आणि त्यांनी आम्हाला विचारलं, “सर, कोणते बूट घेऊ?” आम्ही म्हटलं, “आधी तुमचे जुने बूट दाखवा बघू.” टाचेची बाहेरची कड पार झिजली होती. मग अर्धा तास त्यांच्या पायांविषयीच बोलत बसलो.

आज इथेच थांबू. प्रश्न विचारताना आपण सध्या कोणते बूट वापरता आणि किती धावता, तेही सांगा.